आर्वीची गाडी किती वाजता?

आई वार विसरली, नावं विसरली, शेवटी मुलालाही विसरली. मग रात्रभर प्रवास करून तिला भेटायला जाण्यात अर्थ काय? अल्झायमर झालेल्या आईच्या आठवणी, पुण्यातल्या ऑफिसपासून वर्ध्यातल्या घरापर्यंतच्या...

शुक्रवार, संध्याकाळचे पाच. हिंजवडीतलं ऑफिस. सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडे. कुणी लोणावळ्याला निघालेलं, कुणी मल्टिप्लेक्सची तिकिटं काढलेली. तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. स्क्रीनवर ‘घर’.

‘हॅलो, आई!’

‘कोण बोलतंय?’

‘मी गं.’

‘मी म्हणजे कोण? माझा मुलगा ऑफिसला गेलाय. तो आला की करा फोन.’

फोन कट! नंबर तिनेच लावला होता, किंवा बाबांनी लावून तिच्या हातात दिला होता. शेजारच्या मित्राला मी हा किस्सा हसत हसत सांगितला. तोही हसला. मग मी वॉशरूममध्ये गेलो आणि नळ सोडून पाच मिनिटं तसाच उभा राहिलो.

ही २०१७ ची गोष्ट. आई जाऊन आता काही वर्षं झाली. पण शुक्रवारी पाच वाजता फोन वाजला की अजूनही पोटात गोळा येतो.

मीठ, कानातले आणि घड्याळ

आई वर्ध्याच्या एका प्राथमिक शाळेत बाई होती. तीस वर्षं तिने दुसरीच्या पोरांना पाढे, बाराखडी आणि घड्याळ शिकवलं. हजेरीपट न उघडता ती चाळीस पोरांची नावं घडाघड म्हणायची. रस्त्यात एखादा मिशीवाला माणूस पाया पडला, तर ‘तू पाचव्या बाकावरचा ना रे?’ म्हणून त्याचा कान धरायची. अशा बाईची स्मरणशक्ती जाईल, असं कुणाच्या स्वप्नात तरी येईल का?

सुरुवात अगदी साधी होती. २०१४ मध्ये वरणात दोनदा मीठ पडायला लागलं. एकच गोष्ट ती तासाभरात तीनदा सांगायची. भाजी आणायला गेली आणि रोजच्या रस्त्यावर चुकली. मग एक दिवस कानातले सापडेनात. पंधरा वर्षं आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींवर तिने चोरीचा आळ घेतला. मावशी रडत रडत घरी गेल्या. आठवड्याने कानातले तांदळाच्या डब्यात सापडले.

फोनवर बाबा सांगायचे तेव्हा मी म्हणायचो, ‘अहो बाबा, वय झालं तिचं. मीसुद्धा चाव्या विसरतो.’ पहिल्या डॉक्टरांनीही हेच सांगितलं. आम्हाला बरंच वाटलं. जे ऐकायचं होतं तेच ऐकायला मिळालं, की दुसरं काय होणार?

वर्षभराने तिला नागपूरला न्यूरॉलॉजिस्टकडे नेलं. थायरॉइड, बी-१२ तपासलं, कारण त्यांच्या कमतरतेनेही विसराळूपणा येतो आणि तो औषधाने सुधारू शकतो. मेंदूचा स्कॅन झाला. मग डॉक्टरांनी तिच्या पुढ्यात कोरा कागद ठेवला आणि म्हणाले, ‘बाई, घड्याळ काढा. अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा.’

आईने छान गोल काढला. आणि एक ते बारा सगळे आकडे उजव्या बाजूला एकावर एक दाटीवाटीने लिहून टाकले. डावी बाजू रिकामीच. काटे काढायचे राहूनच गेले. कागद पुढे सरकवून ती डॉक्टरांकडे पाहत राहिली. पेपर तपासून मिळण्याची वाट पाहणाऱ्या दुसरीतल्या पोरीसारखी.

बाबांनी खिशातून रुमाल काढला. मी मोबाइल काढला आणि उगाच मेल चेक करत बसलो.

हा आजार नेमका करतो काय?

त्या रात्री परतताना गाडीत मी गुगलवर सगळं वाचून काढलं. नोव्हेंबर १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात डॉ. अलॉइस अल्झायमर यांच्यासमोर ऑगस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची बाई आली. डॉक्टरांनी विचारलं, नाव काय? ती म्हणाली, ऑगस्टे. नवऱ्याचं नाव? तरीही उत्तर ऑगस्टेच! १९०६ मध्ये ती गेली. अल्झायमर यांनी तिच्या मेंदूचा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास केला, तेव्हा पेशींच्या बाहेर साचलेले थर आणि पेशींच्या आत झालेला गुंता दिसला. त्याच वर्षी त्यांनी ही केस ट्युबिंगेनच्या परिषदेत मांडली. १९१० मध्ये आजाराला त्यांचं नाव मिळालं.

स्मृतिभ्रंशाची, म्हणजे डिमेन्शियाची, कारणं अनेक आहेत. त्यांत अल्झायमरचा वाटा सगळ्यात मोठा, साधारण ६० ते ७० टक्के. नव्या आठवणी साठवणारा मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग यात फार लवकर सापडतो. त्यामुळे सकाळी काय खाल्लं ते जातं, पण लहानपणीची शाळा बराच काळ टिकते. शेवटचं आलेलं आधी जातं आणि पहिलं आलेलं मागे राहतं.

हा आजार फक्त परदेशातल्या श्रीमंतांचा असतो, असंही समजू नका. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासानुसार, भारतात साठीच्या पुढच्या ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया असावा. म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं! त्यात पुरुषांपेक्षा बायका जास्त आणि शहरापेक्षा खेड्यांत प्रमाण जास्त. म्हणजे तुमच्या फ्लोअरवरच्या कुणाच्या तरी घरी हे चालू असणार. फक्त तो सांगत नाही. मी तरी कुठे सांगत होतो?

दादा, गाडी सुटन ना!

आईचं माहेर आर्वीकडचं. तिच्या लहानपणी पुलगाव ते आर्वी अशी नॅरोगेज गाडी धावायची, पस्तीसेक किलोमीटरची. झुकझुक करत, रमतगमत जाणारी. लोक तिला लाडाने ‘शकुंतला’ म्हणायचे. ती गाडी कधीच बंद झाली.

पण आईसाठी ती पुन्हा सुरू झाली! रोज संध्याकाळी पाच-साडेपाच झाले, की ती पिशवीत एक लुगडं, कंगवा आणि टीव्हीचा रिमोट भरायची आणि दारात उभी राहायची. ‘आर्वीची गाडी किती वाजता हाये? पुलगावले बदला लागते. दादा, गाडी सुटन ना!’

दादा म्हणजे बाबा. बाबांना ती आपला मोठा भाऊ समजायला लागली होती. आणि ज्या बाईंनी आम्हाला आयुष्यभर ‘हाये नाही, आहे म्हणा’ असं बजावलं, त्या आता लहानपणीच्या वऱ्हाडीत बोलत होत्या. शाळेत शिकलेली भाषा गळून पडली आणि आजीची भाषा वर आली.

मी गेलो, की समजावत बसायचो. ‘आई, ती गाडी बंद झाली. हेच तुझं घर आहे. आजी जाऊन वीस वर्षं झाली.’ मग काय व्हायचं? आई धाय मोकलून रडायची. तिची आई गेल्याची बातमी तिला त्या दिवशी नव्याने कळलेली असायची. आणि मी ती प्रत्येक वेळी पुन्हा द्यायचो! खरं बोलण्याचा एवढा आग्रह कशासाठी, असा प्रश्न मला पडलाच नाही.

बाबांना पडला. ते कधी वाद घालायचे नाहीत. ‘चला, निघू या,’ म्हणून चपला घालायचे. दोघं हळूहळू आर्वी नाक्यापर्यंत चालत जायची. तिथे अर्धा-अर्धा ग्लास उसाचा रस. मग रिक्षात बसून परत त्याच घरी. दारात उतरल्यावर बाबा म्हणायचे, ‘आलं बरं घर!’ आई समाधानाने आत जायची आणि हात-पाय धुवायची.

एकदा बाबांचा डोळा लागला आणि आई एकटीच निघाली. दोन तासांनी बसस्टँडवर सापडली. तिथल्या एका फळवाल्याने ‘शाळेतल्या बाई’ म्हणून ओळखलं, स्टुलावर बसवून ठेवलं आणि आमच्या घरी निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी बाबांनी सुई-दोरा घेतला आणि तिच्या प्रत्येक लुगड्याच्या पदराला नाव आणि मोबाइल नंबर लिहिलेली पट्टी शिवली. आयुष्यात कधी शर्टाचं बटण न लावलेला माणूस!

‘उपयोग काय?’

आता कबुलीजबाब. २०१८ च्या आसपास माझं वर्ध्याला जाणं कमी झालं. आधी दर महिन्याला जायचो. मग दोन महिन्यांनी, मग सणावाराला. कारणं तुम्हालाही पाठ असतील... रिलीज आहे, अप्रेझल आहे, बुकिंग मिळत नाही. खरं कारण मनात होतं. शुक्रवारची आझाद हिंद पकडायची, रात्रभर जायचं, आणि शनिवारी सकाळी आई विचारणार, ‘तुम्ही कोण?’ रविवारी निघालो, की मी आलो होतो हे सोमवारपर्यंत ती विसरणार. मग उपयोग काय?

एकदा फोनवर मी हे बाबांना बोलूनच दाखवलं. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘उपयोगाचं मला माहीत नाही. पण तू येऊन गेलास, की दोन दिवस ती नीट जेवते. पोळी मागून घेते. का, ते तिलाही सांगता येत नाही.’

बाबा पोस्टातले. हिशेबाला पक्के. भावनेच्या भरात ते काही बोलत नाहीत. मी विषय बदलला, पण ते वाक्य डोक्यातून गेलं नाही.

पुढे वाचनात आलं, की अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाने यावर खरंच प्रयोग केलाय. २०१४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. अल्झायमरच्या १७ पेशंटना आधी रडवणारे आणि नंतर हसवणारे सिनेमातले तुकडे दाखवले. काही मिनिटांतच त्यातले बरेच जण काय पाहिलं ते विसरले. पण वाटलेलं दुःख आणि आनंद पुढेही टिकून होता. ज्यांना कमी आठवत होतं, त्यांचं दुःख उलट जास्त रेंगाळलं. कारण आठवत नाही, पण मन जड आहे... किंवा हलकं आहे. प्रयोगात हे फार तर अर्धा तास मोजलं होतं. बाबांचा हिशेब दोन दिवसांचा. पण अर्धा तास तर अर्धा तास!

म्हणजे मी तिला आजी गेल्याचं सांगून रडवायचो, ते सांगणं ती विसरायची, रडू मात्र मागे राहायचं. आणि मी आल्याचं विसरायची, बरं वाटलेलं मागे राहायचं. दोन्हीचा हिशेब माझ्याच नावावर.

डोकं गेलं, हात राहिले

मग आलं २०२०. लॉकडाउनमध्ये पुण्यात अडकलो. वर्क फ्रॉम होम लागलं, तेव्हा ई-पास काढून वर्धा गाठलं. आधी होम क्वारंटाइन, मग मागच्या खोलीत लॅपटॉप मांडून आठ महिने तिथेच राहिलो. वीकएंडला आईला भेटणं आणि चोवीस तास आईबरोबर राहणं, यात किती फरक आहे ते तेव्हा कळलं.

पहाटे तीनला ती उठायची. अंघोळीला नकार द्यायची. एकच प्रश्न चाळीस वेळा. बाबा ७६ वर्षांचे. त्यांनी स्वयंपाक शिकून घेतला होता, तिची वेणी घालायला शिकले होते. तिच्या पायांना तेल लावताना म्हणायचे, ‘बाई, आज मी परचुरे शास्त्रींची सेवा करतोय.’ ही आईचीच गोष्ट. दरवर्षी शाळेची सहल सेवाग्रामला न्यायची, तेव्हा ती पोरांना सांगायची... कुष्ठरोग झालेले संस्कृत पंडित परचुरे शास्त्री आश्रमात आले, तर गांधीजींनी स्वतः त्यांची मालिश केली. बाबा काही गांधीवादी वगैरे नव्हते. पण बायकोने तीस वर्षं सांगितलेली गोष्ट त्यांच्या लक्षात राहिली होती. आता ती तिला आठवत नव्हती, म्हणून ते तिला सांगायचे.

त्या काळातली एक दुपार मी विसरणार नाही. आईचं लहानपणीचं शिक्षण बुनियादी शाळेतलं. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि त्यातून नयी तालीम पुढे आली. मुलांनी पुस्तकाइतकंच हातांनी शिकावं, हा तिचा गाभा. डोकं, हृदय आणि हात या तिन्हींचं शिक्षण. आईच्या शाळेत रोज तकलीवर सूत काढायला लावायचे. बाबांनी कुठूनशी एक तकली आणि पेळू आणले आणि न बोलता तिच्या मांडीवर ठेवले.

आईने दोन मिनिटं तकलीकडे नुसतं पाहिलं. मग पेळूचं टोक बोटांत धरलं, तकलीला गिरकी दिली... आणि बारीक, एकसारखा धागा निघायला लागला! जिला घास तोंडाशी नेताना वाटीचं काय करायचं ते उमगत नव्हतं, तिचे हात साठ वर्षांपूर्वीचा धडा गिरवत होते. कॉल म्यूट करून मी बघत बसलो. मॅनेजर ‘आर यू देअर?’ विचारत होता.

यामागेही विज्ञान आहे. काय घडलं याची आठवण मेंदूत एकीकडे आणि एखादी गोष्ट कशी करायची याची आठवण दुसरीकडे असते. ही दुसरी बऱ्याचदा उशिरापर्यंत टिकते. म्हणून भजनाचे शब्द, पोळी लाटणं, टाळ्यांचा ठेका राहतो. ‘अस्तु’ सिनेमा पाहिलाय? सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा. डॉ. मोहन आगाशे यांनी त्यात स्मृती हरवलेल्या संस्कृत पंडिताची भूमिका केलीय. पंडित सगळं विसरतो, आणि हत्तीमागे चालत गेलेल्या त्या म्हाताऱ्याला माहुताची बायको जवळ करते. त्या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो कोण होता हे तिला माहीत नाही. त्याला भूक लागलीय, एवढं तिला पुरतं.

घरात असं काही दिसत असेल, तर...

* एकच प्रश्न सारखा विचारणं, ओळखीच्या रस्त्यावर चुकणं, पैशांचा हिशेब न जमणं, स्वभाव अचानक बदलणं, याला ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. न्यूरॉलॉजिस्ट किंवा मनोविकारतज्ज्ञांना दाखवा.
* आजार पूर्ण बरा करणारं औषध अजून नाही. अमेरिकेत २०२३ पासून आलेली नवी इंजेक्शनंही सुरुवातीच्या टप्प्यातच दिली जातात आणि फक्त वेग थोडा कमी करतात. तरीही लवकर निदान झालं, तर तयारीला वेळ मिळतो.
* मृत्युपत्र, नॉमिनेशन, बँकेचं जॉइंट खातं ही कामं पेशंटला समजतंय तोवरच करा. समज गेल्यावर साधी पॉवर ऑफ अॅटर्नीही चालत नाही.
* वाद घालू नका, परीक्षा घेऊ नका. ‘मी कोण, ओळख बघू?’ हा प्रश्न तर नकोच. आपणच नाव सांगा.
* सांभाळणाऱ्या माणसाला आठवड्यातून निदान एक दिवस सुट्टी द्या. आजारी तोही पडतो.
* मदतीसाठी एआरडीएसआय ही संस्था १९९२ पासून काम करतेय, अनेक शहरांत तिच्या शाखा आहेत. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे १४५६७.
* आणि आपल्यासाठी... ‘लॅन्सेट’च्या २०२४ च्या अहवालानुसार, बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, सिगारेट, बैठं काम, कमी ऐकू येणं, एकटेपणा असे १४ धोके टाळले तर जगातल्या जवळपास ४५ टक्के केसेस टाळता किंवा पुढे ढकलता येऊ शकतात. त्यातले निम्मे आपल्या ऑफिसच्या खुर्चीत बसलेले आहेत!

गोरसपाक

२०२१ मध्ये ऑफिस हळूहळू सुरू झालं आणि मी पुण्याला परतलो. पण आता महिन्यातून दोन शुक्रवार ठरलेले. रिलीज असो, नसो.

२०२२ च्या दिवाळीनंतरचा एक शनिवार. आई खूप वाळली होती. बोलणं जवळजवळ थांबलं होतं. मी स्टेशनवरून येताना गोरसपाक आणला होता. वर्ध्याचा माणूस जगाच्या पाठीवर कुठेही गेला, तरी तो डबा बरोबर नेतोच. हॉस्टेलला होतो तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर आई न चुकता पाठवायची.

मी तिच्या शेजारी बसलो, नाव सांगितलं. ओळख काही दिसली नाही. एक तुकडा तिच्या हातात दिला. तिने तो उलटसुलट करून पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. पाठीवरची सॅक, जागरणाने लाल झालेले डोळे. आणि तो तुकडा तिने माझ्या तोंडापुढे धरला.

‘दुरून आला दिसते. भूक लागली असन. घे, खाऊन घे.’

मुलगा कोण, ते ती विसरली होती. पण दुरून आलेल्या पोराला भूक लागलेली असते, हे विसरली नव्हती. मी तो तुकडा खाल्ला. दुसरा तिला भरवला. तोही तिने खाल्ला.

जानेवारी २०२३ मध्ये न्यूमोनियाने ती गेली. पंच्याहत्तर वर्षांची होती. गिळायला त्रास व्हायला लागला, की शेवटी बरेचदा असंच होतं, असं डॉक्टर म्हणाले.

दिवसकार्य झाल्यावर कपाट आवरताना तिची ती पिशवी सापडली. लुगडं, कंगवा आणि आम्ही वर्षभर शोधत असलेला रिमोट. बाबा कितीतरी वेळ हसत होते. मग रिमोट पुसून त्यांनी त्यात नवे सेल घातले.

मित्रांनो, तुमच्याही फोनवर शुक्रवारी ‘घर’ असं नाव उमटत असेल. पलीकडचा आवाज अजून तुम्हाला ओळखत असेल, तर तुम्ही नशीबवान. ओळखत नसेल, तरी जा. आठवण राहणार नाही कदाचित, पण सोमवारी ती एक पोळी जास्त मागेल.

मी अजूनही महिन्यातून दोनदा आझाद हिंद पकडतो. बाबांनी ऐंशी ओलांडलीय. नको म्हटलं तरी ते स्टेशनवर न्यायला येतात, आणि मी खाली उतरायच्या आत विचारतात, ‘गाडी वेळेवर आली का रे?’